भंगारात जाता जाता राहिलेला पीएसटू

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत.)

आज माझा आवाज घुमल्यासारखा वाटत असेल, तर तो माइकचा दोष नाही. खोली अर्धी रिकामी झालीय. भायखळ्याची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, महिनाअखेरीस निघायचंय, आणि गेले दोन रविवार आम्ही माळा उतरवतोय. ज्यांच्या घरी माळा आहे त्यांना माहितीय, वर काय काय सापडतं. आईची पितळी घंगाळी, गणपतीच्या मखराचे थर्माकोल, आठवीतली प्रगतिपुस्तकं. आणि एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला आमचा पीएसटू.

स्लिमवाला, काळा. सोबत एक कंट्रोलर, त्याचं रबर चिकट झालेलं, आणि ८ एमबीचं मेमरी कार्ड. भंगारवाला दारातच उभा होता. हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाला, शंभर देतो. आई म्हणाली, “देऊन टाक, जागा कुठेय?” मी देतही होतो. पण त्याआधी सहज दादाला व्हिडिओ कॉल लावला. दादा हल्ली शारजाला असतो. त्याने डबा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, “कार्ड आहे का? कार्डमध्ये टीम आहे आपली.”

टीम म्हणजे काय ते सांगतो. क्रिकेटचा एक गेम होता, त्यात खेळाडूंची नावं बदलता यायची. दादाने एका मे महिन्याच्या सुट्टीत कंट्रोलरने एकेक अक्षर निवडत चाळीतल्या पोरांची अख्खी टीम बनवली होती. बंड्या ओपनर, सलीम विकेटकीपर, जोसेफ फास्ट बोलर, मी बारावा. आता यातलं कोणी विरारला, कोणी बदलापूरला, कोणी मीरा रोडला. सलीमचा तर नंबरही कोणाकडे नाही. त्या सगळ्यांची नावं एकत्र अशी फक्त त्या कार्डात उरलीत.

भंगारवाल्याला म्हटलं, थांबा जरा.

पण पीएसटूची लेन्स गेलेली. चाळीतल्या पीएसटूची लेन्स जाणारच, आमच्या घरी ओरिजिनल सीडी कधी आलीच नाही. कबूल करून टाकतो. चिप मारलेला होता तो. तुमच्यातल्या विशीतल्या पोरांना ‘चिप मारणं’ कदाचित कळणार नाही, म्हणून थोडक्यात. कन्सोल डिस्क वाचताना ती ओरिजिनल आहे का हे तपासतो. आतल्या बोर्डावर एक छोटी चिप आणि काही बारीक तारा सोल्डर केल्या की ती चिप मध्ये बसून प्रत्येक वेळी सांगते, ‘हो साहेब, ओरिजिनल आहे’. झालं. मग फुटपाथवरची कॉपी चालते. आमच्या वेळी मुंबईत हे काम म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.

तर मी परवा डबा घेऊन चालत निघालो. क्लेअर रोडने नागपाडा, पुढे मुंबई सेंट्रलकडून लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने उघडूनसुद्धा बघितला नाही. “लेन्स गया. माल नहीं आता अभी. फेक दो.” त्याचंही बरोबर आहे म्हणा. त्याच्या लेखी पीएसटू म्हणजे डिस्क लावून गेम खेळायचा डबा. डिस्क वाचत नसेल तर डबा मेला.

माझं आजचं सगळं बोलणं इथूनच सुरू होतं. कारण तो डबा मेलेला नव्हता. तो एक कॉम्प्युटर आहे. प्रोसेसर जवळपास २९५ मेगाहर्ट्झ, रॅम ३२ एमबी, पुढे दोन यूएसबी, मागे नेटवर्कचं पोर्ट. लेन्स हा त्याचा फक्त एक अवयव. बाकी शरीर ठणठणीत, फक्त त्याला कुलूप घातलंय.

कुलूप का? धंद्याचं गणित आहे. कन्सोल कमी नफ्यात, कधीकधी तोट्यातही विकायचा, आणि पैसा गेममधून काढायचा. प्रत्येक गेम बनवणारी कंपनी कन्सोलवाल्याला लायसन्सचे पैसे देते. मग कन्सोलवर कंपनीची सही नसलेला प्रोग्रॅम चालूच द्यायचा नाही. ही सही कागदावरची नसते, ती गणिती असते, तिच्याकडे नंतर येतो. असा विनासहीचा, लोकांनी घरी हौसेने लिहिलेला प्रोग्रॅम कन्सोलवर चालवला तर त्याला ‘होमब्रू’ म्हणतात. त्यात गेम असतात, मीडिया प्लेअर असतात, फाइल मॅनेजर असतात. आणि लिनक्सही असतं. लिनक्स म्हटलं की काहींच्या कपाळावर आठ्या येतात, पण तुम्ही मला ज्या अँड्रॉइडवर ऐकताय त्याच्या पोटात लिनक्सचंच कर्नेल आहे. फोन रूट केला असेल, बूटलोडर अनलॉक केला असेल, तर हा सगळा मामला तुम्हाला ओळखीचा आहे.

गंमत म्हणजे पीएसटूवर लिनक्स चोरून-बिरून आलं नाही. सोनीने स्वतः विकलं. २००१ मध्ये जपानात आणि २००२ मध्ये अमेरिका-युरोपात लिनक्स किट निघालं होतं. ४० जीबीची हार्ड डिस्क, नेटवर्क ॲडॉप्टर, कीबोर्ड, माउस, मॉनिटरची केबल आणि दोन डीव्हीडी. जाड्या पीएसटूच्या मागच्या खाचेत हार्ड डिस्क सरकवायची की झाला घरचा कॉम्प्युटर. २००३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात साधारण ७० पीएसटू जोडून त्यांचा एक क्लस्टर बनवला गेला. विचार करा. त्याच काळात आपण त्याच डब्यावर, मागे बॅटवाला उभा असताना, ‘माझी टर्न कधी’ म्हणून भांडत होतो.

पीएसथ्रीवर तर ही सोय सरळ मेनूतच होती. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये पीएसथ्री आला तेव्हा सेटिंग्जमध्ये ‘अदर ओएस’ नावाचा पर्याय होता. म्हणजे हार्ड डिस्कचा एक भाग वेगळा काढा, त्यावर लिनक्स टाका, हवं तेव्हा गेम, हवं तेव्हा लिनक्स. यलो डॉग, फेडोरा, उबुंटू, सगळी चालायची. त्यातला सेल प्रोसेसर आकडेमोडीला जबरदस्त होता, आणि तेवढ्या ताकदीचं दुसरं यंत्र त्या किमतीत मिळत नव्हतं. गौरव खन्ना नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तेव्हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ कॅम्पसवर होते. त्यांनी २००७ मध्ये पीएसथ्री जोडून त्यावर कृष्णविवरांची गणितं सोडवली. सुरुवात आठ डब्यांनी. पुढे त्यांनी शेकडो डबे मालवाहू रेफ्रिजरेटेड कंटेनरमध्ये ठेवले, कारण तो कंटेनर गार राहतो. मला ही कल्पना फारच आवडते. भाज्या-मासळी न्यायच्या कंटेनरमध्ये गेमचे डबे, आणि ते डबे कृष्णविवरांचा हिशोब करतायत. अमेरिकन हवाई दलाने २०१० मध्ये सतराशेहून जास्त पीएसथ्री जोडले होते.

आणि मग १ एप्रिल २०१०. तारीख एप्रिल फूलची, पण थट्टा नव्हती. ३.२१ नंबरचा अपडेट आला आणि ‘अदर ओएस’ गेलं. त्याआधी त्या वाटेने जॉर्ज हॉट्झ नावाच्या पोराने कन्सोलच्या आतल्या भागात शिरकाव केल्याचं जाहीर केलं होतं. सोनीने सुरक्षेचं कारण दिलं. अपडेट नको तर घेऊ नका, पण मग ऑनलाइन खेळायचं नाही, नवे गेम चालणार नाहीत. म्हणजे डबा विकत घेताना त्यात दोन गोष्टी होत्या, आता त्यातली कोणतीही एकच निवडा. एखाद्या बिल्डरने पझेशननंतर येऊन सांगावं की पार्किंग हवं की बाल्कनी, एक काय ते ठरवा, तसंच हे. बिल्डरचं उदाहरण का सुचलं ते विचारू नका, सध्या डोक्यात तेच आहे. अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला, २०१६ मध्ये तडजोड जाहीर झाली, पुढे तिच्या अटीही बदलल्या. पण ती तिथल्या ग्राहकांपुरती. आपल्याकडे कोणाला एक रुपया मिळाला नाही.

आता बघा पुढे काय झालं. तोवर पीएसथ्री तीन वर्षांहून जास्त काळ शाबूत होता, कारण ज्यांना लिनक्स हवं होतं त्यांना ते मिळत होतं. कुलूप तोडायला सगळ्यात हुशार लोक सहसा हेच असतात, फुकट गेमवाले नाहीत. लिनक्स काढून घेतल्यावर हे लोक कामाला लागले. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकर संमेलनात ‘फेलओव्हरफ्लो’ नावाचा गट स्टेजवर उभा राहिला आणि त्यांनी दाखवलं की सहीची गुप्त किल्ली चक्क काढता येते.

हे कसं, ते मला सांगायचंच आहे, कारण हे गणित तुम्ही शाळेत केलंय. त्या डिजिटल सहीत प्रत्येक वेळी एक नवा, कुणाला अंदाज येणार नाही असा आकडा निवडायचा असतो. सहीच्या समीकरणात अज्ञात गोष्टी दोन, एक हा आकडा आणि दुसरी गुप्त किल्ली. समीकरण एक आणि अज्ञात दोन, म्हणजे उत्तर निघत नाही. दर वेळी आकडा नवा असेल तर हजार सह्या जमवल्या तरी हजार समीकरणं आणि अज्ञात एक हजार एक. एक कायम जास्तच. पण सोनीच्या सह्यांमध्ये तो आकडा दर वेळी तोच होता! मग दोन सह्या घेतल्या की दोन समीकरणं, दोन अज्ञात. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे.’ एसएससी बोर्डाच्या पोरांनो, हाच तो धडा. आकडे प्रचंड मोठे आणि भागाकार-बाकीची एक भानगड वर, पण रीत तीच. किल्ली हातात. पुढच्या महिन्यात, जानेवारी २०११ मध्ये, हॉट्झने मुख्य किल्ली इंटरनेटवर टाकली, सोनीने त्याच्यावर खटला भरला आणि एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली.

बाकीच्या कन्सोलचं भरभर सांगतो. निन्टेंडो वीवर झेल्डा गेममधल्या घोडीला भलतंच लांबलचक नाव दिलेली सेव्ह फाइल वापरून कुलूप उघडायचे. नाव त्याच्या खणात मावलं नाही की शेजारच्या खणात सांडायचं आणि तिथे आपला प्रोग्रॅम. स्विचच्या पहिल्या मॉडेलमध्ये २०१८ ला चिपच्या आतच चूक सापडली. कंट्रोलर सरकवायच्या पट्टीत दोन पिना तारेने जोडायच्या आणि यूएसबीने आत शिरायचं. चूक चिपमध्ये कोरलेली असल्याने विकल्या गेलेल्या डब्यांना अपडेटने दुरुस्त करता आली नाही. आणि पहिला एक्सबॉक्स. त्यावर हौशी लोकांनी २००२ च्या सुमारास एक मीडिया प्लेअर लिहायला घेतला, तो पुढे एक्सबीएमसी झाला. नावात बीएमसी असलं तरी आपल्या महापालिकेचा काही संबंध नाही, नाहीतर अजून टेंडरच निघत असतं. २०१४ मध्ये त्याचं नाव बदलून कोडी ठेवलं. हो, तोच कोडी, जो तुमच्या मामाच्या टीव्ही बॉक्सवर आहे.

असो. माझा डबा.

मागचं लेबल बघितलं, ७७००० मालिका. हे बघणं महत्त्वाचं. पीएसटू चालू होताना आधी मेमरी कार्डात बघतो, की सिस्टीमसाठी काही अपडेट ठेवलाय का. हा दरवाजा मुळात कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी ठेवला होता. ‘फ्री एमसीबूट’ नावाचा होमब्रू त्याच दरवाजाने आत येतो. अगदी शेवटच्या स्लिम मॉडेलमध्ये हा दरवाजा बुजवलाय, आमच्यात नाही. चिपसाठी सोल्डरिंग लागायचं, इथे स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. फक्त एक अडचण. रिकाम्या कार्डात हे टाकायला आधीच उघडलेला एखादा पीएसटू लागतो. मी सरळ तयार भरलेलं कार्ड ऑनलाइन मागवलं.

ॲडॉप्टर हरवलेला. तो साडेआठ व्होल्टचा असतो. घरात वायफाय राउटरचा बारा व्होल्टचा पडलेला होता, आणि त्याची पिन बसत असती तर मी तो लावलाही असता, खोटं कशाला बोलू. देवाच्या दयेने बसली नाही. चोर बाजारात जुना, योग्य नंबरचा मिळाला.

रात्री साडेअकराला टीव्हीला लावला. लाल, पिवळी, पांढरी पिन. निळसर अंधार, तो आवाज (ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीय), आणि मग नेहमीच्या स्क्रीनऐवजी एक वेगळाच मेनू. त्यात ‘युलाँचएल्फ’ नावाचा फाइल मॅनेजर. एका खाचेत नवं कार्ड, दुसऱ्या खाचेत आमचं जुनं. उघडलं तर आत फोल्डर दिसले. क्रिकेटवाला होता! पेनड्राइव्ह लावला, दिसेना. अर्धा तास गेला. मग कळलं की माझा पेनड्राइव्ह एनटीएफएस होता, पीएसटूला फॅट३२ लागतो. बदलला, आणि सेव्ह कॉपी झाली. यूएसबी जुन्या १.१ जातीची, त्यामुळे सिनेमा बघायला गेलात तर अडकत चालतो, पण सेव्ह काही केबींची. डोळ्याची पापणी लवायच्या आत झाली.

हे झाल्यावर खरं तर झोपायला हवं होतं. पण ‘कर्नेललोडर’ नावाचा प्रोग्रॅम घेऊन त्या डब्यावर लिनक्सही चढवलं. ३२ एमबीत ग्राफिक्स-बिफिक्स विसरा, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं. यूएसबी कीबोर्ड लावून प्रोसेसरची माहिती मागवली तर त्याने छापलं, मिप्स, इमोशन इंजिन. मी उगाच एका फाइलमध्ये ‘भायखळा’ लिहून ती उघडून बघितली. नुसता कचरा. त्या कन्सोलला मर्यादित अक्षरचिन्हं माहीत असतात आणि काना-मात्रा-जोडाक्षरं जुळवायची अक्कल नसते. ते काम वरचा डेस्कटॉप करतो, आणि तो इथे नव्हताच. वीस वर्षं हा डबा आमच्या घरात होता, पण मराठी त्याला येत नव्हती, आणि ती शिकवता येईल असं आमच्याही डोक्यात कधी आलं नाही. आम्हाला उघडलेल्या कन्सोलचा एकच उपयोग माहीत होता, शंभर रुपयांची सीडी. भायखळ्यात, जिथे १८८७ मध्ये व्हीजेटीआय सुरू झालं आणि १९२३ मध्ये माटुंग्याला जाईपर्यंत जिथे यंत्रं उघडायला शिकवली जायची, तिथे आम्ही पोरं यंत्र दुकानदाराकडे देऊन बाहेर वडापाव खात उभे राहायचो. सोल्डरिंग कसं करतात ते बघितलंसुद्धा नाही. याचं मला आता वाईट वाटतं, पायरेटेड सीडीपेक्षाही जास्त.

कायद्याचं विचारणार तुम्ही, तर मी वकील नाही, पण वाचलंय ते सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंग करायच्या हेतूने असं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हेतू’ हा शब्द त्यात आहे, तो महत्त्वाचा. आणि कलम ५२ मध्ये, कायदेशीर मिळवलेल्या प्रोग्रॅमची स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करायला मोकळीक दिलीय. म्हणजे स्वतःच्या डब्यातून स्वतःची सेव्ह काढणं आणि पाचशे गेम भरून कार्ड विकणं या दोन गोष्टी एक नाहीत. नव्या कन्सोलवर असले प्रयोग केलेत तर ऑनलाइन खात्यावर बॅन येऊ शकतो, वॉरंटीही गेलीच समजा. माळ्यावरच्यावर करा.

आता टीम. सेव्ह मिळाली, पण ती दाखवायला गेम हवा, आणि डब्याची लेन्स गेलेली. लॅपटॉपवर ‘पीसीएसएक्सटू’ नावाचा एम्युलेटर आहे, त्याला कन्सोलचा बायोस लागतो. तो इंटरनेटवरून उचलायचा नसतो, स्वतःच्या डब्यातून काढायचा. तोही होमब्रूनेच काढला. गेमची आमची जुनी सीडी म्हणजे फुटपाथवरची, तीवर मार्करने नुसतं ‘क्रिकेट’ लिहिलेलं, आणि ती लॅपटॉपलाही वाचता येईना. शेवटी त्या गेमची ओरिजिनल, वापरलेली डिस्क चारशे रुपयांना विकत घेतली. वीस वर्षांनी आमच्या घरात पहिली ओरिजिनल डिस्क. दादाला सांगितलं तर तो दोन मिनिटं हसत होता.

परवा रात्री टीम उघडली. अकरा जण आणि बारावा मी. सगळी नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये, कारण तेवढंच यायचं. स्क्रीनचा फोटो चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एरवी त्या ग्रुपवर फक्त बिल्डरच्या भाड्याच्या चेकची चर्चा असते. जोसेफने लिहिलं, माझी बोलिंग फक्त पंचाहत्तर? बंड्याच्या बायकोने विचारलं, बंड्या कोण. आणि पहाटे कधीतरी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. कोणीतरी फोटो पुढे पाठवला असणार. ‘कीपर मैं हूँ ना? भेज वो फाइल.’

सलीमकडे पीएसटू नाही. लॅपटॉप आहे म्हणतो. रविवारी तो येतोय, पेनड्राइव्ह घेऊन, खोली पूर्ण रिकामी व्हायच्या आधी. फॅट३२ करून आण असं सांगून ठेवलंय.